फोन रागावत नाही म्हणून…



गेल्या रविवारी सामायिक पाळून आसन गुंडाळत होते, तेवढ्यात मागून एक वाक्य कानावर आलं. "हल्लीच्या बायकांना धर्मसुद्धा मोबाइलवर शिकायचाय. स्थानकात यायचं म्हटलं की पाय दुखतात." बोलणारे आमच्या संघातले ज्येष्ठ श्रावक. नाव कुणाचंच घेतलं नव्हतं, पण तिथल्या आम्ही सात-आठ जणींनी माना खाली घातल्या. मीही घातली. गाडीतळाच्या सिग्नलपर्यंत येता येता मनात उत्तर तयार झालं होतं, पण तोवर उशीर झाला होता. तिथे दिलं नाही ते उत्तर इथे देते. आणि आधीच सांगते, यातलं निम्मं उत्तर त्यांना आहे, निम्मं आपल्याला.

पहिला प्रश्न असा की, बाई फोनवर शिकायला का जाते? आळस हे उत्तर फार सोयीचं आहे. ते दिलं की पुढे विचार करावा लागत नाही.

आमच्या भागातल्या कुठल्याही घराचं वेळापत्रक बघा. पहाटे उठून पाणी गाळणं, उकळणं, डबे, मुलांची शाळेची बस. नऊ वाजता प्रवचन सुरू होतं तेव्हा मगरपट्ट्यात नोकरी करणारी सून संगणकासमोर बसलेली असते आणि घरातली बाई सासऱ्यांच्या नाश्त्यात असते. संध्याकाळी सूर्यास्ताच्या आत सगळ्यांचं जेवण उरकायचं, मग आवराआवर, मग मुलांचा अभ्यास. हातात काय उरतं? दुपारी दोन ते साडेतीन आणि रात्री दहानंतरचा अर्धा तास. त्या वेळेत उघडा असलेला एकच वर्ग आहे, तो फोनमध्ये. पाठशाळा आहे, पण ती मुलांची. चाळिशीतल्या बाईला नवतत्त्व पहिल्यापासून शिकायचं असेल तर तिने कोणत्या सतरंजीवर बसायचं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

माझंच सांगते. माझं माहेर लहान गावातलं. जैनांची घरं चार, चातुर्मास क्वचितच. लग्न होऊन आले तेव्हा मला नवकार, सामायिकाचे पाठ आणि काही स्तवनं यायची. प्रतिक्रमण पुढची म्हणायची आणि मी ओठ हलवायचे. असे किती वर्षं ओठ हलवले? अठरा. विचारायची हिंमत झाली नाही, कारण एकदा विचारलं होतं. 'कायोत्सर्गात लोगस्स किती म्हणायचे' एवढंच. उत्तर आलं, "अगं, एवढंही येत नाही? माहेरी काय शिकवलं?" बोलणारीच्या मनात वाईट नव्हतं, पण त्यानंतर मी कधी विचारलं नाही. शेवटी षडावश्यकांचा अर्थ मी रात्री कानात इअरफोन घालून यूट्यूबवर शिकले. एक पाठ वीस-वीस वेळा मागे घेऊन ऐकला. एकविसाव्या वेळीही फोन म्हणाला नाही, "एवढंही येत नाही?"

माझ्या मते खरं कारण हेच आहे. फोन रागावत नाही, आणि माहेरही काढत नाही.

ही गोष्ट नवी नाही. रमाबाई रानडे याच पुण्यात शिकल्या, त्या घरातल्या मोठ्या बायकांचे टोमणे सोसून. त्यांच्या आठवणींचं पुस्तक वाचलेल्या मैत्रिणींना ते प्रसंग माहीत आहेत. शिकवणारा नवरा न्यायाधीश होता, तरी अडवणारी घरातलीच माणसं होती. बाईला शिकायचं असलं की ती अशी जागा शोधते जिथे तिची चूक कुणाला दिसणार नाही. त्या काळी माडीवरची खोली होती, आज सहा इंचांचा पडदा आहे.

आणि आता आपल्या ज्येष्ठांना एक आठवण करून देते. २४ मार्च २०२० च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि महाराष्ट्रातली धर्मस्थळं उघडली ती १६ नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याला. मधल्या काळात पर्युषण आलं. सर्वोच्च न्यायालयाने मुंबईत दादर, भायखळा आणि चेंबूरच्या तीन मंदिरांना शेवटच्या दोन दिवसांपुरती परवानगी दिली होती. बाकी आपण सगळे घरी. त्या वर्षी प्रवचनाच्या लिंक आम्हाला कुणी पाठवल्या? संघानेच. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' असं सरकार म्हणत होतं, मुलांचे धडे आईच्या व्हॉट्सअॅपवर येत होते आणि मुलांबरोबर आम्हीही शिकत होतो. तेव्हा फोन वाईट नव्हता. मग पाडव्याला दार उघडलं आणि फोन एका दिवसात वाईट झाला?

आक्षेपातला खरा भाग मी मान्य करते. विजेचा वापर हा आरंभ आहे, तेउकायाच्या जीवांची विराधना आहे. साधू-साध्वीजी फोनला हात लावत नाहीत, कित्येक जण माइकसुद्धा वापरत नाहीत. सामायिकाच्या ४८ मिनिटांत फोन जवळ नको, याबद्दल माझा काही वाद नाही. पण 'सामायिकात नको' आणि 'शिकायलाच नको' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. शास्त्रं छापायला निघाली तेव्हाही असाच विरोध झाला होता. यंत्रावर छापलेला ग्रंथ म्हणजे आशातना, असं म्हणणारे खूप होते. सोलापूरहून हिराचंद नेमचंद दोशींनी 'जैन बोधक' छापून काढलं, मुंबईत नाथूराम प्रेमींनी ग्रंथामागून ग्रंथ छापले, म्हणून शास्त्र भांडाराच्या कुलपातून आपल्या देवघरापर्यंत आलं. आज फोनवर टीका करणाऱ्यांच्या हातातलं प्रतिक्रमणाचं पुस्तक छापलेलंच असतं.

इथपर्यंत वाचून तुम्ही माना डोलावत असाल. आता आपली पाळी.

गेल्या पर्युषणाच्या आधी एका रात्री मला एक व्हिडिओ आला. हसतमुख माणूस, पाठीमागे पुस्तकांचं कपाट, आवाज गोड. सांगणं असं की सलग आठ दिवस उपवास केला की मधुमेह मुळापासून जातो, गोळ्यांची गरज राहत नाही, आपल्या पूर्वजांना हे माहीत होतं. मला फार बरं वाटलं. आपल्या अठाईचं कौतुक कुणीतरी विज्ञानाच्या भाषेत करत होतं. मी तो घरच्या ग्रुपवर टाकला, खाली हात जोडल्याचं चित्र लावलं आणि झोपले. पूर्ण बघितलाही नव्हता.

आमच्या काकीजींनी तो पूर्ण बघितला. वय चौसष्ट, साखरेच्या गोळ्या बारा वर्षं चालू. तरुणपणी त्यांच्या दोन अठाया झाल्या होत्या, तिसरीची इच्छा मनात होती. त्यांनी गोळ्या बंद केल्या आणि तपाला बसल्या. चार दिवस चेहऱ्यावर तेज होतं, आम्ही साता विचारायला जात होतो, गीतं म्हणत होतो. पाचव्या दिवशी दुपारी उलट्या, श्वास जोरात, बोलणं असंबद्ध. दवाखान्यात नेलं. साखर प्रचंड वाढलेली, रक्तात आम्ल वाढलेलं. डॉक्टर सलाइन लावायला आले तर काकीजींनी हात ओढून घेतला. "पच्चक्खाण मोडणार नाही. मेले तरी चालेल." सुना रडत होत्या, काकाजी हात जोडत होते. दीड तास गेला.

शेवटी काकाजी स्वतः धावत महासतीजींकडे गेले. त्यांनी शांतपणे विचारलं, "पच्चक्खाण त्या रोज घेतात ना? त्यातले आगार त्यांनी कधी समजून घेतले का?" आणि सांगितलं की उपवासाच्या पच्चक्खाणातच सर्वसमाधीचा आगार आहे. असह्य व्याधी आली, समाधी टिकेनाशी झाली, तर औषध घेण्याची मोकळीक व्रत घेतानाच ठेवलेली आहे. औषध घेतल्याने पच्चक्खाणाचा भंग होत नाही. काकाजींनी परत येऊन हे सांगितलं तेव्हा काकीजींनी हात पुढे केला.

त्या वाचल्या. पण चाळीस वर्षं जे शब्द त्या रोज ऐकत आणि म्हणत होत्या, त्यातच त्यांचा जीव वाचवणारं उत्तर होतं, आणि ते त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. तुमच्यापैकी किती जणींना होतं, प्रामाणिकपणे स्वतःला विचारा.

नंतर डॉक्टरांनी समजावलं ते मुद्दाम लिहिते, कारण तपस्या प्रत्येक घरात होते. साखरेच्या काही गोळ्या अचानक बंद केल्या की साखर चढते. काही गोळ्या चालू ठेवून उपाशी राहिलं की ती धोकादायक इतकी खाली येते. इन्सुलिन घेणाऱ्यांचं गणित आणखी वेगळं. कुणाला काय लागू, हे त्या माणसाची गोळी आणि तब्येत बघितल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही. लाखो लोकांशी एकाच वेळी बोलणारा व्हिडिओ तर नाहीच नाही.

मी काकीजींना विचारलं, "तुम्ही तपाला बसण्याआधी डॉक्टरांना का नाही विचारलं?" त्या म्हणाल्या, "विचारलं असतं तर नको म्हणाले असते ना गं."

मैत्रिणींनो, या वाक्याने माझी झोप उडवली. तोपर्यंत मी समजत होते की आपण फोनकडे जातो कारण तो रागावत नाही. दुसरं कारणही तितकंच खरं आहे. आपण फोनकडे जातो कारण तो नाही म्हणत नाही. जे ऐकायचंय तेच शोधायचं आणि सापडलं की 'शिकले' म्हणायचं. पहिल्या कारणासाठी मी संघाशी भांडेन. दुसऱ्यासाठी भांडण स्वतःशी आहे.

उत्तराध्ययन सूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत: वाचना, पृच्छना, परिवर्तना, अनुप्रेक्षा आणि धर्मकथा. म्हणजे पाठ घेणं, शंका विचारणं, उजळणी करणं, त्यावर चिंतन करणं, आणि मग दुसऱ्याला सांगणं. आता आपल्या फोनवरच्या शिकण्याला ही पट्टी लावून बघा.

वाचना भरपूर आहे, कधी नव्हती इतकी. पृच्छना? खाली प्रश्न लिहिला तर उत्तर देणारा मला ओळखत नाही, मी त्याला ओळखत नाही, आणि बहुतेक वेळा उत्तर येतच नाही. परिवर्तना करता येते, मी वीस वेळा ऐकून केली, पण बहुतेकदा बोट वर सरकतं आणि पुढचं काहीतरी येतं. अनुप्रेक्षेला तर वेळच मिळत नाही, कारण एक संपायच्या आत दुसरा व्हिडिओ आपोआप सुरू होतो. आणि धर्मकथा? तिच्यासाठी बाण काढलेलं एक बटण आहे. दाबलं की झालं. पहिल्या पायरीवरून थेट पाचवीवर उडी, मधल्या तिन्ही गायब. माझ्या त्या रात्रीच्या व्हिडिओचं हेच झालं होतं. मी वाचनाही अर्धीच केली होती आणि धर्मकथा करून मोकळी झाले.

शिकण्यामागे दिखावा किती असतो, तेही बोलून टाकू. ओपन बुक परीक्षा आपल्या सगळ्यांच्या आवडीच्या. पुस्तक उघडून उत्तरं शोधायची, त्या निमित्ताने आगम वाचलं जावं, हा हेतू किती चांगला. आणि होतं काय? तिसऱ्या दिवशी कुणीतरी सगळी उत्तरं लिहून ग्रुपवर टाकतं आणि पन्नास वह्या एकाच चुकीसह जमा होतात. चांदीचं नाणं मिळतं, ज्ञानावरणीय कर्म जिथल्या तिथे राहतं. मीही उतरवलेली आहेत, साळसूदपणा करत नाही.

हे सगळं घरातल्या घरात राहिलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण आपण हडपसरला राहतो. २०१४ च्या जूनमध्ये फेसबुकवरच्या आक्षेपार्ह चित्रांवरून पुण्यात दगडफेक, जाळपोळ झाली आणि २ जूनच्या रात्री आपल्याच हडपसरमध्ये एका तरुण संगणक अभियंत्याला जमावाने मारून टाकलं. त्या चित्रांशी त्याचा काही संबंध नव्हता. चार वर्षांनी, १ जुलै २०१८ ला, धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेने पाच भिक्षेकरी माणसं मारली गेली. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच जणांना पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एका कंपनीने आपल्याला परिमाण करायला लावलं. आपण तर दिशेचं, भोगोपभोगाचं परिमाण पिढ्यान्पिढ्या करत आलो होतो. बोटाचं करायला विसरलो.

प्रतिक्रमणात दुसऱ्या अणुव्रताचे अतिचार आपण म्हणतो. विचार न करता एकदम आळ घेणं, दुसऱ्याचं गुपित उघड करणं, खोटा उपदेश करणं, खोटा लेख लिहिणं. पुढच्या वेळी म्हणाल तेव्हा डोळ्यासमोर आपला व्हॉट्सअॅप आणा. ही यादी फोन येण्याच्या किती शतकं आधी केलेली आहे, आणि एक शब्द बदलावा लागत नाही. मी तो व्हिडिओ पुढे पाठवला तो मृषा उपदेशच होता. भावना शुद्ध होती म्हणून काकीजींची साखर कमी झाली नाही.

मग करायचं काय? फोन फेकून द्यायचा का? मुळीच नाही. ज्या फोनने मला आवश्यक सूत्राचा अर्थ दिला त्याला मी वाईट म्हणणार नाही. पण त्याच्याकडून जे मिळत नाही ते मिळण्याची दुसरी जागा हवी, आणि ती मागायला मी आता मान खाली घालणार नाही.

भगवतीसूत्रात, परंपरेप्रमाणे, छत्तीस हजार प्रश्नोत्तरं आहेत. आपला एवढा मोठा आगम प्रश्नांवर उभा आहे. त्यात कौशांबीची जयंती श्राविका आहे. राजघराण्यातली, उदयन राजाची आत्या. तिने भर समवसरणानंतर प्रभू महावीरांना एकामागून एक प्रश्न विचारले. जीवाने झोपलेलं बरं की जागं? दुबळं बरं की बलवान? प्रभूंनी तिला "एवढंही येत नाही?" म्हटलं नाही. म्हणाले, अधर्माने वागणारा झोपलेला बरा, धर्माने वागणारा जागा बरा. पुढे तिने दीक्षा घेतली. आपण सोळा सतींची नावं सकाळी घेतो, त्या वेळी जयंतीचीही आठवण ठेवावी असं मला वाटतं. आपल्याला आज तिच्या धिटाईची गरज आहे.

तेव्हा संघाकडे माझी मागणी तीन गोष्टींची आहे. एक, मोठ्या बायकांसाठी आठवड्यातून एक वर्ग, आमच्या सवडीच्या वेळी, दुपारी अडीचला किंवा रविवारी. आपल्यात स्वाध्यायी बहिणी आहेत, ज्या चातुर्मास नसलेल्या गावांत जाऊन पर्युषण करवतात. त्या आपल्याच गल्लीत शिकवणार नाहीत का? दोन, त्या वर्गाचा अर्धा वेळ फक्त प्रश्नांचा. लाज वाटणाऱ्यांसाठी बिननावाच्या चिठ्ठ्या चालतील. तीन, मोठ्या तपाची अनुमोदना करण्याआधी तपस्विनीला दोन प्रश्न विचारायचे: कोणती औषधं चालू आहेत, आणि डॉक्टरांना विचारलंत का? आणि पच्चक्खाण देताना आगारांचा अर्थ मराठीत एकदा सांगायचा. पाच मिनिटं लागतात. आमच्याकडे दीड तास गेला होता.

आणि आपल्यासाठी? मी माझ्यापुरता नियम घेतला आहे. जे पूर्ण बघितलं नाही, ज्याबद्दल एका जाणकार जिवंत माणसाला विचारलं नाही, ते पुढे पाठवायचं नाही. तब्येतीचं आणि औषधाचं तर काहीच पाठवायचं नाही. एक गोष्ट शिकले की त्या दिवशी दुसरी उघडायची नाही. सुरुवातीला बोट वळवळतं. नंतर सवय होते. आमच्या ग्रुपवर आता माझे मेसेज कमी झाले म्हणून दोघींनी तब्येत विचारली.

काकीजी बऱ्या आहेत. गोळ्या वेळेवर घेतात. अठाई त्या आता करणार नाहीत, पण रोज एका पाठाचा अर्थ विचारायला मला फोन करतात. मला येत नसेल तर मी सांगते, "काकीजी, उद्या विचारून सांगते." आणि स्थानकात जाऊन सगळ्यांसमोर विचारते.

परवा विचारलं तेव्हा तेच ज्येष्ठ श्रावक मागे बसले होते. काही बोलले नाहीत. निघताना मात्र हळूच म्हणाले, "तो अर्थ मलाही नक्की ठाऊक नव्हता."

त्या रात्री बटण दाबलं त्याबद्दल काकीजींना, आणि लिहिताना कुणाचं मन दुखावलं असेल तर तुम्हा सर्वांना, मिच्छा मि दुक्कडं.

जय जिनेंद्र.